एका गिझरची दोन घरं

रविवारी सकाळी खुशबूनं पितळेचा गडवा उचलला, नेहमीसारखा पाइपावर टण्णकन एकदा वाजवला आणि नळ सोडला. नळातून चहाच्या रंगाचं पाणी आलं, आणि तेही गारढोण. वर पाहते तर गिझरच्या बुडातून धार लागलेली, आणि ती धार नेमकी साबणाच्या डबीत! गिझर गेला तो गेला, जाता जाता कालच फोडलेला नवाकोरा साबणही घेऊन गेला.

"अवो, उठा नं! गिझर फुटला!"

संघपाल तोंडात ब्रश घेऊनच धावत आला. मोबाइलच्या दुकानात बसून बसून त्याला एक खोड लागली होती. काहीही बिघडलं की तो ते बंद करून पुन्हा चालू करून पाहायचा. त्यानं बटनाकडे हात नेला आणि खुशबूनं त्या हातावर चापटी मारली.

"पाण्यात उभे राहून बटन दाबता? मले विधवा करता का?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. टण्. मग जरा थांबून, चिडका, टण् टण् टण् टण्.

खुशबूनं उत्तर द्यायला गडवा उचलला आणि तशीच थबकली. 'गिझर फुटला' हे गडव्यानं कसं सांगायचं, ते काही कधी ठरलेलं नव्हतं.

पलीकडे तिची मोठी जाऊ होती, रत्नमाला. दोघींची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून, मधल्या भिंतीत एक मोठा चौकोनी, आरपार कोनाडा, आणि त्या कोनाड्यात हा एकुलता एक गिझर आडवा बसवलेला. सासरे बाबुलाल एसटीत ड्रायव्हर होते तेव्हा त्यांनी तो आणला. सासूबाई तुळसा बुटक्या, त्यांचा हात पोचावा म्हणून चांगला खाली, तोंडासमोर बसवला. त्यामुळे घरातल्या प्रत्येक उंच माणसाच्या कपाळानं त्या गिझरचा कधी ना कधी प्रसाद खाल्लेला. पुढे भावाभावांनी घराच्या मधोमध भिंत घातली, इकडे संघपाल-खुशबू, तिकडे विनोद-रत्नमाला आणि त्यांची हर्षा. स्वयंपाकघरं दोन झाली, मीटर दोन झाले, तुळसाबाईंचा पलंगसुद्धा एकाकडे आणि गादी दुसऱ्याकडे गेली. गिझर मात्र कापता येईना. तो राहिला दोघांचा.

दोन्हीकडचे नळ एकदम सुटले की कोणालाच धड ऊन पाणी मिळायचं नाही. म्हणून गडवा. एकदा वाजवला की मी पाणी घेते, दोनदा वाजवला की माझं झालं, तू घे. बटन खुशबूच्या बाजूला होतं, तेव्हा पहाटे उठून ते लावायचं काम तिचं.

आणि या दोघी जावा चार हिवाळे एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या.

पण गडवा बोलायचा! रत्नमालाचे गुडघे धरले असले की तिचा टण् कसा ओढत ओढत यायचा. हर्षाचा पेपर असला की घाईघाईचा. मागच्या वर्षी खुशबूला ताप भरला, तिनं दोन दिवस गडवा वाजवला नाही, तर दुपारी हर्षा डबाभर मऊ खिचडी घेऊन हजर. "आईनं नाई पाठवली हं, मीच आणली," असं पोरगी न विचारताच म्हणाली होती. पंधरा वर्षांच्या त्या पोरीला तेव्हा साधा कुकर लावता येत नव्हता.

---

समोरच्या खोलीला दोन्ही घरांचे दरवाजे होते. तिथे भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याखाली बाबुलालची खाट. आज इकडे जेवायचं, उद्या तिकडे, पण झोपायचं मधोमध, असा त्यांचा कायदा. त्या खोलीत सकाळी बैठक भरली.

"दादा, दोन लहान गिझर लावू," संघपाल म्हणाला. "तुह्याकडे एक, माह्याकडे एक. नळ सोडला की लगेच ऊन पाणी. मधातला कोनाडा बुजवून टाकू. झंझटच नाई."

"हेच मी म्हणणार होतो," विनोद म्हणाला.

खुशबूनं चहाचा ट्रे हातात धरूनच दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. हे दोन भाऊ मत देताना एक होत नव्हते, गणपतीला वर्गणी द्यावी की नाही यावर एक होत नव्हते, आणि आज, नेमके आजच!

"एकच लावा," बाबुलाल खाटेवरून म्हणाले. "मोठा लावा. पंचवीस लिटरचा."

"बाबा, आता एका गिझरचा जमाना नाई राहिला," विनोद म्हणाला. तो गुरुजी होता, त्याच्या तोंडून काहीही निघालं की फळ्यावर लिहिल्यासारखं वाटायचं. "ज्याचं त्याचं वेगळं असलं म्हणजे कोणाचं कोणाले ओझं नाई."

"ओझं!" बाबुलालनी तो शब्द दाढेखाली सुपारी धरावी तसा धरला.

पलीकडच्या दारात पडद्यामागे रत्नमालाच्या बांगड्या वाजल्या. "हर्षा, तुह्या बाबाले म्हण, बरं होईल," ती म्हणाली. हर्षा तिच्या शेजारीच होती आणि विनोद चार हातांवर होता, पण रत्नमाला खुशबू असलेल्या खोलीत थेट बोलायचीच नाही. "म्हण, कोणाच्या बटनावर जगायची पाळी नको."

खुशबूनं ट्रे खाटेवर आदळला. एक कप चहा बशीत सांडला.

तिनं तो सांडलेला चहा संघपालला दिला.

स्वयंपाकघरात आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. वेगळा गिझर हवा कोणाला नसतो? पहाटे थंडीत उठायचं नाही, कोणासाठी थांबायचं नाही, मनात येईल तेवढा वेळ आंघोळ! नाचायला पाहिजे होतं तिनं. पण मग? उद्या सकाळी गडवा कशावर वाजवायचा? आणि वाजवायचं कारणच नसेल तर भिंतीपलीकडे त्या बाईचे गुडघे कसे आहेत, हे तिला कळणार कसं?

---

मोनू मिस्त्री आला तो एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात अर्धा समोसा घेऊन. त्याच्या मागून संघपाल दोन डबे छातीशी धरून आला. नवे, पांढरे, हातभर लांबीचे.

"जयभीम काकाजी! हा जुना पाहा, किती खाली लावला आहे! कोणत्या मिस्त्रीनं लावला?"

"मी लावला," बाबुलाल म्हणाले.

"छान लावला," मोनू म्हणाला.

जुना गिझर उतरवायचा म्हणजे आतलं पाणी आधी सोडावं लागणार होतं, आणि पाइप दोन्हीकडून असल्यामुळे ते दोन्हीकडे येणार होतं. "वहिनी, तुम्ही इकडून बाल्टी धरा. पलीकडच्या वहिनी, तुम्ही तिकडून धरा!"

"हर्षा, त्याले सांग, धरली," पलीकडून आवाज.

"मोनूभाऊ, आईनं धरली!"

"ऐकू आलं मले," मोनू म्हणाला. "मी बहिरा दिसून राहिलो का?"

पाना फिरला, नट कुरकुरले, पाणी भडाभडा दोन्ही बादल्यांत पडलं, आणि मग संघपाल आणि मोनूनं मिळून तो गंजका गिझर ओढून बाहेर काढला. त्याच्यासोबत मूठभर सिमेंट, कोळ्याची जाळी आणि एक मेलेली पाल खाली आली. धूळ बसली. आणि कोनाड्याच्या चौकटीत, हातभर अंतरावर, रत्नमालाचा चेहरा होता.

चार वर्षांत इतक्या जवळून पाहिला नव्हता. कानाजवळ पांढरे केस आले होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. रस्त्यात, लग्नात, विहारात वंदनेला दोघी एकमेकींना पाहायच्या, पण ते पाहणं लांबून, नजर वळवण्याच्या तयारीनं असायचं. इथे वळायला जागाच नव्हती. दोघींच्या हातात पाण्यानं भरलेल्या बादल्या.

"चला, आता हे भोक बुजवून घेऊ," मोनू म्हणाला. "आधी इकडचा लावतो, मंग तिकडचा."

आणि खुशबूच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे नाई चालणार."

"काय नाई चालणार?" संघपालनं विचारलं.

"हा लहाना गिझर. खूप लाइट ओढते म्हणतात. आपला मीटर पडते, लाइन जाते."

"कधी पडला?"

"पडला. परवा. तुम्ही दुकानात होते."

संघपालनं तोंड उघडलं. मीटर त्यानंच बदलून घेतला होता, जाड वायर त्यानंच टाकून घेतली होती, आणि परवा दिवसभर खुशबूनं वॉशिंग मशीन, मिक्सर आणि इस्त्री लावून ठेवली होती. तो बायकोकडे पाहत राहिला. तिचं खोटं इतकं कच्चं होतं की खुद्द तिलाच घाम फुटला. आता हा सगळ्यांसमोर उलटतपासणी घेईल, आणि ती काय सांगेल? मले माह्या जावेचा टण् पाहिजे, म्हणून?

तेवढ्यात कोनाड्यातून आवाज आला. "हर्षा, बाबाले सांग, आपलाही मीटर पडते."

मोनूनं पाना खाली ठेवला.

"आपला?" विनोदचा आवाज. "आपला कधी पडला?"

"पडला. तुम्ही शाळेत होते."

"मी घरीच होती, आई," हर्षा म्हणाली, "मले तर..."

"तू झोपली होती!"

खुशबूनं हळूच मान वर केली. रत्नमाला तिच्याकडे पाहत नव्हती, बादलीतल्या पाण्याकडे पाहत होती. पण तिचे कान लाल झाले होते, पार पाळीपर्यंत.

"दोन्ही मीटर?" मोनूनं डोकं खाजवलं. "टेस्टर लावून पाहू का?"

"मीटरचं काही सांगता येत नाई बाप्पा," बाबुलाल दारातून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले, कोणी पाहिलं नव्हतं. "मी गाडी चालवत होतो तं डेपोत चांगली राहायची, घाटात बंद पडायची. संघपाल, हे दोन्ही डबे फोडले नाई नं? वापस करून ये. मोठा एक आण. विनोद, तूही जा, दोघं मिळून पसंत करा. मोनू, तू चल माह्यासंगं, चहा पाजतो. हर्षा, तूही चल."

"मी कायले? मी चहा पीत नाई."

"मंग जिलेबी खा!"

आणि एसटीचा जुना ड्रायव्हर सगळी सवारी घेऊन बाहेर पडला. घर एकदम रिकामं झालं. खुशबूनं बादली खाली ठेवली. पलीकडेही बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. दोघींपैकी कोणीच तिथून हललं नाही.

---

"बटन आता इकडे पाहिजे," रत्नमाला म्हणाली.

हर्षा नव्हती. मोनू नव्हता. सांगणार कोणाला? खुशबूला कळायला वेळ लागला की हे वाक्य सरळ तिलाच आलं आहे.

"काहून?" तिचा आवाज चिरकला. "बटन इकडेच बरं आहे."

"चार वर्षं तूच उठली. आता मी उठते."

"तुमचे गुडघे थंडीत धरतात. पहाटे कायले उठता? मी लावून देत जाईन."

"माह्या गुडघ्याचं तुले कोणं सांगितलं?"

"गडव्यानं," खुशबू म्हणाली, आणि रत्नमालाच्या ओठांचा एक कोपरा जरासा वर गेला, तसाच खाली आला.

मग ती बराच वेळ कोनाड्याच्या कडेचं सुटलेलं सिमेंट बोटानं उकरत राहिली. आता ती जाईल, असं खुशबूला वाटलं. जाईल, आणि संध्याकाळपर्यंत इथे नवा गिझर बसेल, आणि पुन्हा तेच. पण रत्नमाला गेली नाही.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "लाइन गेली होती."

कोणत्या दिवशी, ते विचारायची गरज नव्हती. त्या एकाच दिवसानं दोघींचं बोलणं संपवलं होतं. तुळसाबाई अर्धांगानं दोन वर्षं अंथरुणावर होत्या आणि ती दोन वर्षं रत्नमालानं त्यांना रोज आपल्या हातानं न्हाऊ घातलं. मग रत्नमाला भावाच्या धानाच्या चुरणी-मळणीला दोन दिवसांसाठी लाखांदूरला गेली काय, आणि सासूबाई पहाटे गेल्या काय! रस्त्यात तिची एसटी बंद पडली. इथे जमलेली माणसं म्हणाली, किती वेळ ठेवता, आवरा. शेवटच्या आंघोळीचं पाणी खुशबूनं घातलं. रत्नमाला पोचली तेव्हा तिरडी उचलायचीच बाकी होती. "तू थांबली असती तं थे का उठून पळून जाणार होती?" एवढंच ती सगळ्यांसमोर खुशबूला म्हणाली. त्यानंतर काही नाही.

"हव," खुशबू म्हणाली. "पहाटेपासून लाइन नव्हती."

"म्हणजे गिझर बंद होता."

"बंद होता."

रत्नमालानं मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं, फक्त एकदा ऐकायचं होतं. तिची बोटं कोनाड्याच्या कडेवर घट्ट झाली. "पुसाच्या थंडीचे दिवस होते," ती म्हणाली. "तिले थंड पाणी सहन होत नव्हतं. जरासं गार लागलं तं दिवसभर रडायची लेकरासारखी. आणि थे माणसं तं घाई करून राहिले होते. मी बसमधी बसून हेच..."

आणि खुशबूला तेव्हा, त्या धुळीनं भरलेल्या न्हाणीघरात उभं राहून, पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की जाऊबाई मानासाठी रुसल्या. शेवटचं पाणी घालायचा मान मोठ्या सुनेचा, तो धाकटीनं घेतला, म्हणून. मान! या बाईनं चार वर्षं रोज एकच गोष्ट मनात घोळवली होती, ती म्हणजे पाण्याची बादली गार होती.

"ताई," ती म्हणाली. "गॅसवर केलं मी पाणी. दोन मोठे गंज भरून. माणसं बाहेरून ओरडून राहिले होते, मी दरवाजाची कडी लावून घेतली. ऊन जास्त झालं तं गार टाकलं, मंग कोपर बुडवून पाहिलं, तुम्ही पाहत होत्या तसं."

रत्नमाला कोनाड्यात पुढे वाकली.

"निंबाचा पाला टाकला. आणि डोक्यावरून नाई टाकलं एकदम. पायापासून सुरू केलं. एकदम अंगावर पाणी पडलं की आई दचकायची नं."

बोलून झाल्यावर खुशबूला वाटलं, काय वेड्यासारखं बोलले. गेलेलं माणूस कुठे दचकतं? पण भिंतीपलीकडे रत्नमालानं दोन्ही हात तोंडावर घेतले होते आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. हात बाजूला झाले तेव्हा चेहरा ओला होता, त्यावर सिमेंटचे फराटे उमटले होते, आणि तरी तो चेहरा कितीतरी वर्षांनी लहान दिसत होता.

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तुम्ही विचारलं कुठं?" खुशबूही आता रडत होती. "एवढे दिवस! एकदा तरी विचारायचं होतं!"

"विचारलं असतं," रत्नमाला म्हणाली, "आणि तू 'थंड' म्हणाली असती तं?"

खुशबूनं मनगटानं डोळे पुसले. कोनाड्यातून एक हात आला, खरबरीत, बांगड्यांनी भरलेला. तिला वाटलं आता तो गालावर येईल. हात डोक्यावर गेला आणि केस फटाफट झाडू लागला.

"ओढणी घेता येत नाई का डोक्यावर? सगळं सिमेंट बसलं आहे केसात. पोट्टी लग्न होऊन एवढी मोठी झाली तरी अक्कल नाई आली."

"ताई, लागून राहिलं!"

"लागू दे."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न देत गेला. कुठूनतरी हर्षाचं हसणं ऐकू आल्यासारखं वाटलं, पण ते दुसऱ्याच कोणाचं असावं. रत्नमालानं पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं.

"चहा पाजशील?"

"मांडते," खुशबू म्हणाली आणि पळालीच. पळता पळता बादलीला पाय लागला, पाणी सांडलं, तिनं मागे पाहिलंसुद्धा नाही. गॅस पेटवला, गंज ठेवला, आलं ठेचलं, पत्ती टाकली. साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात घेऊन ती अडली. मागच्या वर्षी हर्षा काहीतरी बोलली होती, आईले शुगर निघाली म्हणून. की निघता निघता राहिली? पूर्वी ताई तीन चमचे घ्यायच्या, पाकासारखा चहा. आता किती घेतात? बंद केली का पूर्ण? एवढी साधी गोष्ट, आणि तिला ती ठाऊक नव्हती.

ती चमचा घेऊनच न्हाणीघराच्या दारापर्यंत आली. "ताई! साखर किती?"

कोनाड्यापलीकडे कोणी नव्हतं. नुसती पलीकडची भिंत, खुंटीवरचा टॉवेल आणि खिडकीतून आलेलं ऊन. गेल्या. चहाचं म्हणाल्या आणि मन बदललं, आत निघून गेल्या. तिनं पुन्हा हाक मारली, या वेळी हळू. "ताई?"

"अर्धा चमचा," आवाज मागून आला.

रत्नमाला खुशबूच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती, गुडघ्यावर हात टेकून, जराशी धापा टाकत. "आणि गॅस लहान कर," ती आत येत म्हणाली. "उतू जाऊन राहिला."